‘येतो’ म्हणून निघालेली माणसं

गौरी-गणपतीचं विसर्जन करून परतताना कोकणात पाट रिकामा आणत नाहीत. ओहोळाच्या नाहीतर समुद्राच्या पाण्यात मूर्ती सोडली, की त्याच काठावरची मूठभर वाळू किंवा माती पाटावर ठेवायची आणि पाट घरी न्यायचा. कुणी ती माती घरभर टाकतात, कुणी धान्याच्या कणगीत. आमच्याकडे ती आधी देवघरासमोर ठेवतात आणि मग चिमूट-चिमूट प्रत्येक उंबऱ्यावर टाकतात. देव गेला, मग माती कशाला आणायची, असं लहानपणी मी आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, “गेलेल्याच्या वाटेन कायतरी परत येवक व्हया.”

या प्रकरणात ज्या प्रवासाची माहिती घ्यायची आहे, त्याचं सार आजीच्या या वाक्यात आहे. दरवर्षी भाद्रपदात मुंबई, ठाणे, पुणे आणि गुजरातेतल्या काही शहरांतून लाखो माणसं रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या आपापल्या गावी जातात. त्यांना चाकरमानी म्हणतात. त्यांच्या जाण्याच्या बातम्या होतात. किती जादा गाड्या सोडल्या, महामार्गावर किती तास कोंडी झाली, आरक्षण किती मिनिटांत संपलं, हे सगळं छापून येतं. पाच-सात दिवसांनी हीच माणसं तेवढ्याच गर्दीतून उलट दिशेनं येतात, तेव्हा मात्र कुणाचं फारसं लक्ष नसतं. खरं तर गाव आणि शहर यांची सव्वाशे-दीडशे वर्षं टिकलेली गाठ कशानं बांधली आहे, ते या परतीच्या प्रवासातच दिसतं.

उंबऱ्यावर

कोकणात घरगुती गणपती दीड दिवसाचा, पाच, सात, अकरा आणि काही ठिकाणी एकवीस दिवसांचाही असतो. बहुतेक घरांत गौरीबरोबर गणपती जातो आणि दुसऱ्या दिवसापासून परतीची गर्दी सुरू होते. घराला त्या सकाळी एक वेगळाच सुना आवाज असतो. गणपतीच्या डोक्यावर बांधलेली माटवी अजून तशीच टांगलेली असते. तिच्यातली फळं उतरवून वाटलेली, कांगण्या-कवंडाळं सुकायला लागलेली. रात्रभर भजनाला बसलेली माणसं उशिरा उठतात. गाडी संध्याकाळची असली तरी बांधाबांध सकाळीच सुरू झालेली असते.

निघण्याआधी देवापुढे नारळ ठेवून घरातला वडीलधारा गाऱ्हाणं घालतो. गाऱ्हाणं ही मालवणी मुलुखाची खास रीत. देवाशी, पूर्वजांशी, गावाच्या राखणदाराशी सरळ बोलायचं, हवं ते मागायचं आणि चुकलंमाकलं कबूल करायचं. “बा देवा म्हाराजा, पोरां मुंबैक चलली आसत, तेंका वाटेत सांभाळ आणि पुढच्या वर्साक परत हाड.” मागे उभी असलेली सगळी माणसं एका सुरात म्हणतात, “व्हय म्हाराजा.” मग हातावर दही, पायावर डोकं. कमावता मुलगा आईच्या हातात काही पैसे ठेवतो आणि आई त्यातलीच एक नोट नातवाच्या मुठीत कोंबते. हा व्यवहार पैशाचा नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. आजीच्या भाषेत सांगायचं तर, कुणाचाही हात रिकामा परत जाऊ द्यायचा नाही.

यानंतर निघणारा जो शब्द बोलतो, तो नीट ऐकण्यासारखा आहे. तो म्हणतो, “येतंय हां आये.” प्रमाण मराठीतही आपण निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. अपशकुन नको म्हणून असं म्हणतात, हे तर सगळ्यांना माहीत असतं. पण व्याकरणाच्या अंगानं पाहिलं तर यात आणखी एक गोष्ट सापडते. ‘येणे’ आणि ‘जाणे’ या क्रियापदांना एक मध्यबिंदू लागतो. त्या बिंदूकडे होणारी हालचाल म्हणजे येणं, त्याच्यापासून दूर होणारी हालचाल म्हणजे जाणं. पाय मुंबईच्या दिशेनं वळलेले असतानाही माणूस ‘येतो’ म्हणतो, म्हणजे त्याचा मध्यबिंदू त्या उंबऱ्यावरच राहिलेला असतो. पुढच्या येण्याबद्दल तो निघतानाच बोलतो. उत्तरही ठरलेलं असतं. “सावकाश जावा. पोचल्यार फोन करा.”

घर गावाला, खोली मुंबईला

ही ये-जा सुरू कशी झाली? मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली स्थापन केली आणि 1856 मध्ये ताडदेवला ती चालू झाली. पुढच्या काही दशकांत गिरण्यांची रांगच उभी राहिली. त्यांना माणसं हवी होती आणि तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात माणसांना काम हवं होतं. डोंगरउताराची, जांभ्या दगडाची जमीन. पाऊस धो धो, पण चार महिन्यांत वाहून जाणारा. भाताचे तुकड्या-तुकड्यांचे वाफे आणि अनेक गावांत वर खोताचा वाटा. खोती कायद्यानं रद्द व्हायला 1949 साल उजाडलं. तोवर कितीतरी कुटुंबांतला एक तरी भाऊ मुंबईला गेलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, मुंबईबाहेर जन्मून मुंबईत राहणाऱ्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा रत्नागिरी जिल्ह्याचा होता.

गेले ते बहुतांशी पुरुष. बायकामुलं आणि म्हातारी माणसं मागे राहिली आणि शेती त्यांनीच केली. लालबाग, परळ, शिवडी, वरळी या गिरणगावात एकेका गावाच्या किंवा वाडीच्या माणसांनी मिळून खोल्या घेतल्या. पहिल्या पाळीचा कामावर गेला की त्याच्या पथारीवर रात्रपाळीहून आलेला झोपायचा. जेवण खाणावळीत. ती खाणावळ चालवणाऱ्या बाईला पैसे महिन्याच्या पगारानंतर मिळायचे. याच खाणावळवाल्या बायकांना कर्जासाठी सावकाराच्या दारात जावं लागू नये, म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

पगारातला काही भाग गावाकडे जायचा तो टपालानं. भारतीय टपाल खात्यानं 1880 साली मनिऑर्डरची सेवा हाती घेतली आणि कोकणाला ती फार लवकर सवयीची झाली. रत्नागिरी जिल्हा मनिऑर्डरवर चालतो, असं पुढे कित्येक वर्षं म्हटलं जायचं. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा आणि ज्या बाईला लिहिता-वाचता येत नसे तिला फॉर्मच्या कोपऱ्यातल्या दोन ओळीही वाचून दाखवायचा. घरातल्या माणसाची महिन्यातली खबर तेवढीच. ही जुनी मनिऑर्डर 2015 साली बंद झाली.

या इतिहासातून भाषेत एक भेद रुजला आणि तो अजून शाबूत आहे. चाळीतल्या जुन्या माणसांचं बोलणं ऐकावं. “घर गावाला आहे, इथे खोली आहे.” मुंबईत जन्मलेली, इथेच शिकलेली, इथेच निवृत्त झालेली माणसंही असंच बोलतात. खोली म्हणजे जिथे पाठ टेकायची ती जागा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी 1920च्या दशकात बांधल्या गेल्या. त्यांतली एकेक खोली 160 चौरस फुटांची. तिच्यात तीन पिढ्या वाढल्या, लग्नं झाली, बाळंतपणं झाली, तरी ती खोलीच राहिली. घर या शब्दावर हक्क होता तो पडवी, ओटी, माजघर असलेल्या त्या कौलारू वास्तूचा, जिथे ही माणसं वर्षातले जेमतेम पंधरा दिवस राहायची.

म्हणून तर परतीचा प्रवास अवघड. सुट्टीवर गेलेला माणूस परततो तो स्वतःच्या घरी. चाकरमानी मात्र घर सोडून खोलीवर परतत असतो.

पाण्यावरून, घाटातून, बोगद्यातून

ही वाट कधीच सोपी नव्हती. रस्ता नीट होण्याआधी कोकणाचा खरा राजरस्ता समुद्र होता. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरं घेत आगबोटी मुंबईला जायच्या. पुष्कळ ठिकाणी बोट धक्क्याला लागायची नाही. ती लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, बोचकी, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या असं सगळं पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं. लाटेवर पडाव वर आला की त्याच क्षणी शिडी पकडायची. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या आईला आपलं माणूस चढलं की नाही हे दिसायचंही नाही. नुसता धूर दिसायचा.

या जलमार्गानं जीवही घेतले. 17 जुलै 1947 रोजी, आषाढ अमावास्येच्या तोंडावर, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत उलटली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. सण घरी करायला निघालेली माणसं होती ती. किनाऱ्यावरच्या किती गावांत त्या वर्षी दिवा लागला नसेल!

पुढे रस्ते आले आणि एसटी आली. कोकणी माणसाला एसटीबद्दल जी माया आहे, ती या परतीच्या रात्रींनी दिलेली आहे. वाडीतली सगळी माणसं मिळून एक गाडी ठरवतात, गाडी थेट वाडीच्या वळणापर्यंत येते आणि टपावर गोणी चढतात. ती वाट कशेडीच्या घाटातून, परशुराम घाटातून जाते. तिच्या रुंदीकरणाचं काम वर्षानुवर्षं चाललेलं आहे आणि भाद्रपदातला पाऊस त्या अर्धवट रस्त्यावर कोसळत असतो. 2 ऑगस्ट 2016च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. एक जयगडहून मुंबईला निघालेली, दुसरी राजापूरहून बोरिवलीला. दोन्ही परतीच्या वाटेवरच्या. ‘पोचल्यार फोन करा’ असं जे उंबऱ्यावरून सांगितलं जातं, त्यामागे अशा रात्रींची आठवण असते.

रेल्वे सर्वांत शेवटी आली. कोकण रेल्वे महामंडळ 1990 साली स्थापन झालं. मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी या मार्गाचा पाठपुरावा केला आणि ई. श्रीधरन यांनी तो बांधून दाखवला. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे 740 किलोमीटर, नव्वदहून अधिक बोगदे, लहानमोठे सुमारे दोन हजार पूल. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आणि पानवल नदीवरचा पूल 64 मीटर उंच. 26 जानेवारी 1998 रोजी संपूर्ण मार्ग प्रवाशांसाठी खुला झाला आणि ज्या वाटेला एक अख्खी रात्र अंग आंबवून घ्यावं लागे, ती झोपून काढता येऊ लागली.

मात्र हा मार्ग बहुतेक ठिकाणी एकेरी आहे. समोरून गाडी येत असली की एका गाडीला स्टेशनात थांबावं लागतं. त्यात पावसाळ्यात दरडींच्या भीतीनं गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि वेळापत्रकही वेगळं असतं. गणपतीसाठी जादा गाड्या सोडल्या की त्या एकाच रुळावर गर्दी होते. म्हणून परतीच्या रात्री एखाद्या आडस्टेशनात गाडी पाऊण तास उभी राहते, दारात माणसं येऊन बसतात, बेडकांचा आवाज येत असतो, आणि समोरून रिकामी होत चाललेली गाडी गोव्याकडे धडधडत जाते. त्या पाऊण तासात गावाचा शेवटचा ओला वास नाकात भरून घेता येतो.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून साठ दिवस आधी उघडतं, त्याआधी ते एकशेवीस दिवस आधी उघडायचं. म्हणजे आषाढात, पहिला पाऊस नीट स्थिरावला की लगेच, चाकरमान्याला भाद्रपदात कोणत्या दिवशी आईचा निरोप घ्यायचा हे ठरवावं लागतं.

गोणीत बांधलेलं वर्ष

आता जरा गोणीत डोकावू या. परतणाऱ्या प्रत्येक कुटुंबाजवळ एक तरी गोण असतेच. रेल्वेच्या डब्यात दोन बाकांच्या मधे ती आडवी पडलेली असते आणि तिच्यावर पाय ठेवला तर बिऱ्हाडातली बाई हलकेच पाय बाजूला करायला सांगते. वरवर पाहिलं तर तिच्यात किरकोळ सामान असतं. मुंबईत यातलं जवळजवळ सगळं विकत मिळतं. तरीही ती वाहून न्यायची.

माझी आई गोण भरायची तेव्हा मी शेजारी बसून पाहायचो. तळाशी उकडे तांदूळ. भात आधी वाफवून, वाळवून मग कांडलेला हा लालसर दाणा. वाफवताना कोंड्यातलं ब जीवनसत्त्व दाण्यात उतरतं, म्हणून त्याची पेज अंगाला लागते. त्यावर कुळथाच्या पिठाची पिशवी. मग कागदात आणि वर प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळलेले सुके बांगडे आणि गोलमा, वास डबाभर होऊ नये म्हणून. आमसुलं. आगळाची बाटली, जिच्या झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून वर दोरा आवळलेला. काजूगर. कडेनं नारळ, सोललेले पण शेंडी ठेवलेले. शेंडी का ठेवायची? नारळाचे डोळे तिच्याखाली झाकलेले राहतात, हवा आणि ओल आत शिरत नाही आणि नारळ जास्त दिवस टिकतो. सगळ्यांत वर, दाबली जाऊ नये म्हणून, तवसं आणि चिबूड. शेवटी सुंभानं तोंड शिवायचं, त्याला दोन कान ठेवायचे, म्हणजे उचलताना दोघांना धरता येतं.

या गोणीकडे मी पुष्कळ वर्षांनी नीट पाहिलं आणि तिच्यात एक पंचांग दडलेलं आहे, हे लक्षात आलं. भात कापला तो आश्विन-कार्तिकात. त्याच शेतात उरलेल्या ओलीवर कुळीथ पेरला आणि तो शिशिराच्या सुमाराला हाती आला. काजू फाल्गुन-चैत्रातला. आमसुलं वैशाखातली, कारण रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात ते पावसाच्या तोंडावर आणि त्यांच्या साली त्यांच्याच मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवाव्या लागतात. पाऊस चार दिवस आधी आला तर सगळं हातचं जातं. मासे उन्हाळ्यात खारवून वाळवलेले, कारण 1 जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते. आणि तवसं-चिबूड परवा-परवा वेलीवरून काढलेलं.

म्हणजे आई एका दुपारी जी गोण भरते, ती भरायला तिला बारा महिने लागलेले असतात. चाकरमानी जे बारा महिने गावात नव्हता, ते सगळे महिने ती त्याच्याबरोबर बांधून देते. कार्तिकाचं ऊन, शिमग्याच्या वेळचे काजू, मृगाआधीची ती सालं आत घ्यायची धावपळ, सगळं तिच्यात असतं. जाताना मुंबईहून नेलेली मिठाई, साड्या, औषधं, मोबाइल एका दिवसात खरेदी होतात. येताना मिळतं ते वर्षभराचं. या देवाणघेवाणीत कोण श्रीमंत, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मला विचाराल तर देणारी बाजू गावाची आहे.

परतीची वाट लहान का वाटते

जाताना न संपणारी वाट येताना भरकन संपते, हा अनुभव तुम्हीही घेतला असेल. अंतर तेवढंच, गाडी तीच. यावर नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठातल्या नील्स व्हान डे व्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला आणि तो 2011 साली प्रसिद्ध झाला. बसच्या सहलीला गेलेली आणि सायकलवर गेलेली माणसं त्यांनी तपासली. परतीचा प्रवास लोकांना सरासरी वीस टक्क्यांच्या आसपास कमी वेळाचा वाटला.

रस्ता ओळखीचा झालेला असतो म्हणून असं होतं, हे पहिलं उत्तर सुचतं. पण ज्यांना परतताना तेवढ्याच लांबीच्या वेगळ्या रस्त्यानं आणलं, त्यांनाही परत येणं लहानच वाटलं. मग संशोधकांनी दुसरं कारण पुढे ठेवलं, ते अपेक्षेचं. निघताना माणूस उत्साहात असतो, लवकर पोहोचू असा त्याचा अंदाज असतो आणि तो चुकतो. त्यामुळे प्रवास लांबला असं वाटतं. परतताना तो आधीच धरून चालतो, की वेळ लागणार आहे. मग त्यामानानं प्रवास छोटा वाटतो. प्रवासाला फार वेळ लागेल असं ज्यांना आधीच सांगितलं, त्यांच्या बाबतीत हा फरक दिसेनासा झाला.

आमच्या वाटेवर हे पडताळून पाहता येतं. गावी जाताना पनवेल सोडल्यापासून पोरं विचारत असतात, अजून किती? चिपळूण आलं का? राजापूर आलं का? डोळे पुढे लागलेले असतात, म्हणून प्रत्येक मैल मोजला जातो. परतताना कुणी विचारत नाही. डब्यात बोलणं कमी होतं. कुणीतरी भजनाची चाल गुणगुणतं आणि मधेच थांबतं. पोहोचायची घाई कुणालाच नसते आणि म्हणूनच गाडी वेळेआधी पोहोचल्यासारखी वाटते. पहाटे दिवा, ठाणे इथले उंच दिवे दिसायला लागतात, तेव्हा ‘इतक्यात आलो?’ असं मनात येतं. अपेक्षेचा नियम इथे दुहेरी लागू होतो. वाट लांब असेल हे आपण धरून चाललेलो असतो, आणि ती लांबावी असं आपल्याला वाटतही असतं.

कुलूप उघडताना, कुलूप लावताना

मग खोलीचं कुलूप. भाद्रपदात आठ-दहा दिवस बंद राहिलेल्या खोलीला दमट कपड्यांचा एक वास येतो. खिडकी उघडायची, पिंपातलं शिळं पाणी ओतायचं, नळाची वेळ टळलेली नसेल तर नवं भरायचं. मुलांचे गणवेश इस्त्रीला द्यायचे. आठ अडतीसची लोकल असते आणि ती कुणासाठी थांबत नाही. या धावपळीतही बाई आधी गोण सोडते. तवसं कापून चार वाटे करते आणि शेजारच्या दारांत पाठवते. ज्यांचं गाव देशावर आहे, उत्तरेत आहे, तेलंगणात आहे, त्यांच्याही ताटात त्या दिवशी कोकणातली काकडी असते. पाट रिकामा आणायचा नाही, हा नियम चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरही पाळला जातो.

त्याच वेळी तिकडे गावात उलटी क्रिया चाललेली असते. ज्या घरात म्हातारी माणसं आहेत तिथे जादा पथाऱ्या उन्हात टाकून माळ्यावर चढवल्या जातात. वीस माणसांचा टोप घासून पालथा घालून ठेवतात आणि दोघांपुरतं छोटं भांडं पुन्हा चुलीवर येतं. ज्या घरात कुणीच नाही तिथे कुलूप लागतं आणि किल्ली शेजाऱ्याकडे जाते. अशी घरं वाढत आहेत. 2001 ते 2011 या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे 16 टक्क्यांनी वाढली. त्याच काळात रत्नागिरी जिल्ह्याची 4.8 टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची 2.2 टक्क्यांनी घटली. 2011च्या जनगणनेत राज्यात दर हजार पुरुषांमागे 929 स्त्रिया होत्या, रत्नागिरीत 1122 आणि सिंधुदुर्गात 1036. दीडशे वर्षांपूर्वी बाईला मागे ठेवून पुरुष ज्या वाटेनं गेला, ती वाट या आकड्यांत अजून स्पष्ट दिसते.

शहराकडची बाजूही बदलली. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप मिटेपर्यंत गावी राहू, पेरणी करून येऊ, असं म्हणून कितीतरी जण कोकणात गेले. दिवस गेले, महिने गेले, आणि ज्या गिरणीत परतायचं ती गिरणीच उरली नाही. परत यायला जागा नसणं म्हणजे काय, हे त्या पिढीनं भोगलं. मुंबईत राहिलेल्यांच्या मुलांनी दुसऱ्या नोकऱ्या धरल्या आणि खोल्या विकून दिवा, डोंबिवली, विरार, बदलापूरला घरं घेतली. तिथली तरुण मुलं आता खोली म्हणत नाहीत, घर म्हणतात. गावाला ती ‘नेटिव्ह’ म्हणतात. यात वाईट काही नाही. जिथे जन्म गेला त्या जागेला घर म्हणायलाच हवं. फक्त गावातल्या त्या दुसऱ्या घराला काय म्हणायचं, हा प्रश्न त्यांच्यापुढे आहे. वर्षातून पाच दिवस उघडणाऱ्या दाराला फार काळ घर म्हणता येत नाही. कौलं बदलावी लागतात, पावसाआधी शाकारणी करावी लागते, वाळवी बघावी लागते. त्यासाठी कुणीतरी तिथे असावं लागतं.

म्हणून या प्रकरणाच्या शेवटी एक मागणं आहे, कोकणातल्या वाचकाकडे आणि ज्याचं गाव दुसरीकडे आहे त्याच्याकडेही. परतीची गोण घेऊन आलात, तर ती भरायला कुणाला किती महिने लागले ते एकदा मोजा. भाद्रपदाखेरीज वर्षातून आणखी एकदा तरी जा. कार्तिकात भात कापणीला जा, नाहीतर वैशाखात रातांब्याची सालं वाळत असताना जा. हातभार लावा, किमान शेजारी बसा. मुलांना बरोबर न्या. गर्दी नसताना, आरत्या नसताना घर कसं असतं, हे त्यांना पाहू द्या. आणि परत आल्यावर, बॅगा उघडायच्या आधी, पाणी भरायच्या आधी, फोन करा. तिकडे कुणीतरी दोघांपुरता भात लावून, जेवायचं थांबवून, त्या फोनची वाट बघत बसलेलं असतं.